काचेआडची ताटं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विसाव्या शतकातल्या अमेरिकन कपबश्या, जग, डिनर सेट आणि ते जपून ठेवणाऱ्या तिथल्या म्युझियम्सबद्दल लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळ्यांना जागा देता येत नाहीये, म्हणून जे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत.

प्रश्न : मुलाकडे न्यूयॉर्कला गेलो होतो तेव्हा मोमा बघितलं. पिकासो, व्हॅन गॉग समजू शकतो, पण त्याच इमारतीत कॉफीचं भांडं, प्लास्टिकचे डबे, मीठ-मिरीच्या बाटल्या काचेत मांडलेल्या. असले डबे आमच्या माळ्यावर पडलेत. हे तिथे कुणी ठेवलं आणि का? (एक वाचक, ठाणे)

मोमा म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, १९२९ मध्ये सुरू झालं. आणि अगदी पहिल्या काही वर्षांतच तिथल्या लोकांनी ठरवून टाकलं की आधुनिक कला फक्त भिंतीवर टांगायची नसते. १९३४ मध्ये फिलिप जॉन्सनने तिथे 'मशीन आर्ट' नावाचं प्रदर्शन भरवलं, त्यात स्प्रिंगा, बॉल बेअरिंग, प्रयोगशाळेतली काचेची भांडी, स्वयंपाकघरातली पातेली असं सगळं शिल्पं मांडावीत तसं मांडलं होतं. लोक चक्रावले, पण बघायला आले.

मला मात्र त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९३८ चं प्रदर्शन, ज्याचं नावच 'पाच डॉलरच्या आतल्या उपयोगी वस्तू' असं होतं. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या, कुणालाही परवडतील अशा वस्तू म्युझियमने निवडल्या आणि त्या कुठल्या दुकानात केवढ्याला मिळतात तेही सांगितलं. पुढे अशी प्रदर्शनं होतच राहिली, किमतीची मर्यादा दहा डॉलरवर गेली, आणि १९४२ मध्ये तर युद्ध चालू असल्यामुळे लष्कराला लागणारा धातू ज्यात वापरलेला नाही अशा वस्तू दाखवल्या. तुम्ही बघितलेलं कॉफीचं भांडं बहुतेक केमेक्स असणार, कमरेत बारीक असलेली काचेची सुरई, मध्ये लाकडाची कॉलर आणि कातडी दोरीची गाठ, तेच ना? ते पीटर श्लुमबोम नावाच्या जर्मनीहून आलेल्या केमिस्टने १९४१ मध्ये बनवलं, आणि प्रयोगशाळेतला फ्लास्क आणि फनेल यांना जोडून दिलेला आकार आहे तो, तेवढंच. त्यात एकही जादा गोष्ट नाही.

प्लास्टिकचे डबे म्हणजे अर्ल टपरचे. पॉलिथिलीनचा डबा, झाकण दाबून आतली हवा थोडी बाहेर काढली की घट्ट बसतं. आज त्यात काही वाटत नाही कारण आपण सगळे तसल्या डब्यांतच वाढलोय, पण १९४५ च्या आसपास न फुटणारा, हलका, सांडणार नाही असा डबा ही नवी गोष्ट होती.

१९५० ते ५५ या काळात मोमाने शिकागोच्या मर्चंडाइज मार्ट या घाऊक बाजाराबरोबर 'गुड डिझाइन' नावाची प्रदर्शनं केली, त्यामागे एडगर कॉफमन ज्युनियर होते. निवडलेल्या वस्तूला 'गुड डिझाइन' चा टॅग लागायचा आणि तो टॅग दुकानातही दिसायचा. म्हणजे म्युझियम नुसतं जपून ठेवत नव्हतं, लोकांनी काय विकत घ्यावं हे सांगत होतं. यावर टीका झाली आणि मला ती टीका बरीचशी पटते. साधं, पांढरं, नक्षी नसलेलं तेच चांगलं असा एक हट्ट त्यात होता, आणि ज्या बायकांना फुलाफुलांच्या बश्या आवडायच्या त्यांची आवड कमी दर्जाची असं न बोलता ठरवलं गेलं. तरी पाच डॉलरच्या वस्तूकडे एवढ्या गंभीरपणे बघणं ही मोठीच गोष्ट होती असं मी म्हणेन.

प्रश्न : ईव्हा झायझलबद्दल लेखात फक्त दोन ओळी होत्या. मी सिरॅमिक्स शिकतेय, प्लीज सविस्तर लिहा. (एक वाचक, कोल्हापूर)

लिहिते, आनंदाने. माझ्या मते या सगळ्या काळातली सगळ्यात मोठी डिझायनर तीच.

जन्म १९०६, बुडापेस्ट. आधी चित्रकला शिकायला गेली, मग ते सोडून कुंभारकामाकडे वळली आणि एका कुंभाराकडे रीतसर उमेदवारी केली. तिथल्या कारागिरांच्या संघात कुंभार, विहिरी खणणारे, धुराडी साफ करणारे, कौलं घालणारे, भट्ट्या बांधणारे सगळे एकत्र होते आणि त्या संघात घेतली गेलेली ती पहिली बाई. मग जर्मनीत कारखान्यात काम केलं, १९३२ मध्ये सोव्हिएत रशियात गेली आणि तिशीच्या आतच रशियन प्रजासत्ताकाच्या चिनी माती आणि काच उद्योगाची कलासंचालक झाली. १९३६ मध्ये स्टॅलिनच्या खुनाच्या कटात सामील असल्याचा खोटा आरोप ठेवून तिला अटक झाली. सोळा महिने तुरुंगात होती, त्यातले बरेचसे एकटीला कोठडीत ठेवलेलं. सुटल्यावर देशाबाहेर काढलं, व्हिएन्नाला आली, तर १९३८ मध्ये नाझी तिथेही पोचले, तिथून निघाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला पोचली.

आता बघा, पुढच्याच वर्षी ती प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागली. आणि तिचं शिकवणं हातकामाचं नव्हतं, कारखान्यात हजारोंनी निघणारी वस्तू कशी घडवायची हे ती शिकवायची. हे तू सिरॅमिक्स शिकतेस म्हणून मुद्दाम सांगते. चाकावर केलेला एकेक कप आणि साच्यातून निघणारा कप यांचा विचारच वेगळा असतो. भट्टीत आकसणं, हँडल वाकणं, एकावर एक रचता येणं, हे सगळं आधी डोक्यात धरून मग आकार काढावा लागतो.

पेनसिल्व्हानियातल्या कॅसलटन चायना या कंपनीला आधुनिक आकाराचा, पण अगदी उंची पोर्सिलीनचा डिनर सेट काढायचा होता, त्यांनी मोमाला विचारलं की कुणाला सांगू, तर मोमाने ईव्हाचं नाव सुचवलं. प्रत्येक नग म्युझियमने पास करायचा अशी अट. १९४२-४३ मध्ये डिझाइन तयार झालं पण युद्धामुळे उत्पादन रखडलं, आणि १९४६ मध्ये मोमात तिच्या एकटीच्या कामाचं प्रदर्शन भरलं तेव्हा तो सेट लोकांसमोर आला. त्याला 'म्युझियम' सेटच म्हणतात. शुभ्र, काहीही नक्षी नाही, तळाशी जरा जाड आणि काठाकडे पातळ होत जाणारा, इतका पातळ की उजेड आरपार दिसतो. वस्तू टेबलावर ठेवल्यासारखी न वाटता टेबलातून उगवल्यासारखी वाटावी, असं काहीसं तिच्या मनात होतं. नंतर गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर कंपनीने त्यावर नक्षी छापायला सुरुवात केली, आणि मोमाचं मत काहीही असो, सेट त्यामुळे घराघरांत गेला.

पण तिचं माझं सगळ्यात आवडतं काम वेगळं आहे. मिनेसोटातल्या रेड विंग पॉटरीसाठी तिने 'टाउन अँड कंट्री' नावाचा सेट केला, त्यातल्या मीठ-मिरीच्या दोन बाटल्या एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, एक मोठी, एक लहान, आई आणि मूल असतात तशा. ठाण्याच्या वाचकांनी पाहिलेल्या बाटल्या याच असणार. एवढं सगळं सोसलेली बाई आणि तिच्या हातातून निघालेली प्रत्येक वस्तू मऊ, गोल, हसरी. आपलं काम म्हणजे सौंदर्याचा खेळकर शोध असं ती म्हणायची. २०११ मध्ये गेली, १०५ वर्षांची होऊन, आणि अगदी शेवटपर्यंत डिझाइन करत होती.

प्रश्न : माझ्या जावेने न्यू जर्सीत एका गॅरेज सेलमध्ये जुन्या फिएस्टा कंपनीच्या नारिंगी प्लेट्स घेतल्या. आता कुणीतरी म्हणालं त्यात युरेनियम आहे. खरं का? त्यात जेवायचं की नाही? (एक वाचक, पुणे)

खरं आहे, आणि जेवायचं नाही.

फिएस्टा हे तेव्हा कंपनीचं नाव नव्हतं, सेटचं होतं. कंपनी होमर लाफलिन, गाव न्यूएल, राज्य वेस्ट व्हर्जिनिया. १९३६ मध्ये, म्हणजे मंदी अजून पुरती ओसरली नव्हती तेव्हा, फ्रेडरिक रीड या इंग्लंडहून आलेल्या डिझायनरने हा सेट काढला. एकात एक वर्तुळांच्या रेघा आणि गडद, सपाट रंग. सुरुवातीला पाच रंग होते, लाल, निळा, हिरवा, पिवळा आणि आयव्हरी. लाल म्हणायचे पण दिसायला तो नारिंगीच. कल्पना अशी की पूर्ण सेट एकदम घ्यायची गरज नाही, जमेल तशी एकेक वस्तू घ्या, पाहिजे ते रंग एकत्र करा, एक फुटली तर दुसऱ्या रंगाची आणा, टेबल बिघडत नाही. ज्या घरात पैसे मोजून खर्च होत होते तिथे ही केवढी सोय होती विचार करा, आणि वर टेबल रंगीबेरंगी, आनंदी दिसायचं.

तो लाल रंग युरेनियम ऑक्साइडमुळे यायचा. १९४३ मध्ये अणुबॉम्बच्या कामासाठी सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं आणि लाल फिएस्टा बंद पडला. १९५९ मध्ये परत आला, तेव्हा डिप्लीटेड, म्हणजे कमी किरणोत्सर्गी युरेनियम वापरून, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कायमचा बंद झाला. १९८६ मध्ये कंपनीने फिएस्टा नव्याने काढला, त्यात युरेनियम नाही.

म्हणून जावेला सांगा, प्लेट्स शोकेसमध्ये ठेवायला काही हरकत नाही, सुंदरच आहेत त्या. पण त्यात खाऊ नका आणि विशेष करून टोमॅटो, लिंबू, चिंच, दही असलं आंबट काही ठेवू नका, कारण आंबट पदार्थाने ग्लेझमधले, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत लेपातले, धातू अन्नात उतरतात. काठ फुटलेली किंवा चिरा गेलेली असेल तर ती हाताळूच नका फारशी. अमेरिकेचं पर्यावरण खातंही हेच सांगतं, असली भांडी जेवायला वापरू नका. जुन्या रंगीत ग्लेझमध्ये शिसं पण असू शकतं, त्यामुळे फक्त नारिंगीच नाही, त्या काळातली कुठलीच भांडी रोजच्या वापरात नको.

आणखी एक, अँडी वॉरहॉल फिएस्टा गोळा करायचा. १९८८ मध्ये त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला त्यात फिएस्टाही होता आणि बिस्किटांच्या बरण्यांचा तर ढीग. सूपच्या डब्यांची चित्रं काढणारा माणूस घरी काय जमवत होता हे कळलं की त्याची चित्रं जरा वेगळी दिसायला लागतात.

प्रश्न : रसेल राइटच्या प्लेटला काठच नाही असं लिहिलंय. त्यात एवढं विशेष काय? (एक वाचक, अंबरनाथ)

विशेष हे की ती प्लेट कोण धुणार याचा विचार करून ती बनवलीय.

त्याआधी चांगल्या अमेरिकन घरातलं टेबल म्हणजे युरोपची नक्कल, सोनेरी काठाचं पोर्सिलीन, प्रत्येक पदार्थाला वेगळी प्लेट, आणि हे वाढायला, उचलायला, घासायला नोकर. १९३० नंतर मध्यमवर्गीय घरातून नोकर नाहीसे झाले, पण टेबलाचे नियम तेच राहिले, आणि सगळा भार घरातल्या बाईवर. अमेरिकन डिझायनर रसेल राइट आणि त्याची बायको मेरी यांनी हे नीट ओळखलं. १९३९ पासून ओहायोतल्या स्टूबेनव्हिल पॉटरीने त्याचा 'अमेरिकन मॉडर्न' सेट बनवायला घेतला. गोल, वाहते आकार, काठाची वेगळी पट्टी नाही, नुसती कड आत वळलेली, रंगांची नावं सीफोम, कोरल, बीन ब्राउन, ग्रॅनाइट ग्रे अशी. भाजीचं भांडं थेट टेबलावर आणायचं, पाहुण्यांनी आपलं आपण वाढून घ्यायचं. दुकानांसमोर रांगा लागायच्या, आणि १९५९ पर्यंत हा सेट बनत राहिला, नव्या लग्न झालेल्या जोडप्यांना हमखास मिळायचा, आपल्याकडे रुखवतात स्टीलचा सेट यायचा तसा.

१९५० मध्ये नवराबायकोने मिळून घरकाम सोपं कसं करावं यावर एक पुस्तकच लिहिलं, त्यात पाहुण्यांनी आणि मुलांनी हातभार लावावा असं सरळ सांगितलंय. विक्रीची बरीच अक्कल मेरीची होती, आणि म्युझियमच्या पाटीवर मात्र नाव फक्त रसेलचं असतं, हे मला टोचतं. एक दोषही सांगायला हवा, त्या मातीचे टवके फार लवकर उडायचे. म्हणून त्याने १९४६ मध्ये इरोकॉय कंपनीसाठी जास्त दणकट चायना केला आणि पुढे मेलामाइनही.

प्रश्न : हे सगळं डिझाइन झालं. पण खऱ्या चित्रकारांनी, शिल्पकारांनी कधी ताटं केली का? (एक वाचक, मडगाव)

'खऱ्या' हा शब्द सोडला तर प्रश्न छान आहे. रॉय लिक्टेनस्टाइन, कॉमिक्ससारखी चित्रं काढणारा, त्याने १९६६ मध्ये जॅक्सन चायना या कंपनीकडून डिनर सेट करून घेतला. ही कंपनी हॉटेलांसाठी जाडजूड भांडी बनवायची. पांढऱ्या प्लेटवर काळ्या रेघा आणि ठिपके अशा काढलेत की खऱ्या प्लेटवर छापलेली सावली पडलीय असं वाटतं, म्हणजे प्लेट आहे पण प्लेटच्या चित्रासारखी दिसते. त्याचे ८०० सेट काढले.

पण या प्रश्नाचं खरं उत्तर ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. ज्युडी शिकागो या अमेरिकन कलाकार बाईचं 'द डिनर पार्टी', १९७४ ते ७९ मध्ये केलेलं. त्रिकोणी टेबल, प्रत्येक बाजू ४८ फूट, ३९ पानं मांडलेली, प्रत्येक पान इतिहासातल्या किंवा पुराणातल्या एका स्त्रीसाठी. प्रत्येक जागी पोर्सिलीनची मोठी ताटली, पेला, काटा-चमचा आणि खाली भरतकाम केलेलं कापड. खाली फरशीवर आणखी ९९९ बायकांची नावं. त्यात ग्रीक कवयित्री सॅफो आहे, प्राचीन काळातली गणिती हायपेशिया आहे, अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन आहे, आणि हो, आपली कालीही आहे, तिचंही पान मांडलंय. बऱ्याच ताटल्यांवर फुलपाखरू, फूल आणि स्त्रीच्या योनीचे आकार आहेत, त्यावरून प्रचंड वाद झाला, १९९० मध्ये तर अमेरिकन संसदेत यावर चर्चा झाली. वर्षानुवर्षं ते पेट्यांमध्ये बंद होतं. २००७ पासून ब्रुकलिनला कायमचं मांडलंय.

तिने ताटलीच का निवडली बघा. पोर्सिलीन रंगवणं आणि भरतकाम ही बायकांची 'फावल्या वेळातली' कामं मानली जायची, कलेत मोजलीच जायची नाहीत. तिने तीच हत्यारं घेतली, चारशेवर लोकांनी त्यात हात लावला, आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाढली त्यांना एकदा टेबलाशी बसवलं. मी हे काम रसेल राइटच्या प्लेटशेजारी ठेवून बघते. एकाने बाईचं घासणं कमी करायचा प्रयत्न केला, दुसरीने विचारलं की घासणारी कोण होती तिचं नाव तरी कुणाला माहितीय का.

प्रश्न : या सगळ्याचा भारताशी काही संबंध? (एक वाचक, इंदूर)

आहे, आणि दोन्ही बाजूंनी. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून देशभर फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला, त्यातूनच पुढे अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक आहे ते लोट्याचं. भारतात पाहिलेल्या आणि आवडलेल्या वस्तूंमध्ये लोटा बहुधा सर्वात थोर आणि सर्वात सुंदर असं त्यांनी लिहिलं, आणि मग एकामागून एक प्रश्न, कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कुठे जातो, धार कशी पडते, हाताला कसा लागतो, घासायला कसा. जगातल्या बड्या डिझायनर जोडप्याने आपल्या मोरीतल्या भांड्याकडे असं बघितलं, आणि आपण मात्र ते भंगारात घालतोय.

दुसरी बिएट्रिस वुड. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली, तरुणपणी फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशांची मैत्रीण. कृष्णमूर्तींची व्याख्यानं ऐकायला हॉलंडला गेली असताना तिने चमकदार ग्लेझच्या काही बश्या घेतल्या, घरी आल्यावर त्यांना शोभेलशी चहाची किटली कुठे मिळेना, म्हणून चाळिशीच्या सुमारास हायस्कुलातल्या कुंभारकामाच्या क्लासला नाव घातलं. किटली राहिली बाजूला, ती अमेरिकेतल्या मोठ्या सिरॅमिक कलाकारांपैकी एक झाली. तिचा सोनेरी-हिरवा लस्टर, म्हणजे धातूसारखं चमकणारं ग्लेझ, बघितला की डोळा हटत नाही. १९६१ मध्ये भारतात आली, नंतरही आली, आणि मग जन्मभर साड्याच नेसली. तीही १०५ वर्षं जगली.

प्रश्न : हे बघायचं तर कुठे जावं? मुलगी टेक्ससला असते. (एक वाचक, जळगाव)

मग डॅलस म्युझियम ऑफ आर्ट, दुसरा विचारच नको. विसाव्या शतकातली अमेरिकन चांदीची भांडी तिथे जेवढी आहेत तेवढी फार कमी ठिकाणी असतील. पूर्वेला गेलात तर प्रॉव्हिडन्सला आरआयएसडी (ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन) म्युझियममध्ये एरिक मॅग्नुसनचा १९२७ चा कॉफी सेट बघा, चांदी, सोनेरी आणि तपकिरी त्रिकोण असे जोडलेत की मॅनहॅटनच्या इमारतींवर ऊन-सावली पडल्यासारखं दिसतं. लोकांनी तेव्हा खिल्ली उडवली, विकला गेलाच नाही, आणि आज तो त्या काळाची ओळख झालाय. न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंगला काचेचं म्युझियम आहे, पायरेक्सपासून सगळं. तिथून सिरॅक्यूज गाडीने काही फार लांब नाही, तिथलं एव्हरसन म्युझियम सिरॅमिक्ससाठी प्रसिद्ध, आणि त्यांच्या कॅफेत देणगी मिळालेल्या हाताने घडवलेल्या भांड्यांतूनच खायला देतात.

एक मात्र लक्षात ठेवा, म्युझियममध्ये असलेल्या वस्तूंपैकी थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात, बाकी गोदामात. जायच्या आधी मुलीला त्यांच्या वेबसाइटवर वस्तूचं नाव टाकून ती सध्या मांडलेली आहे का ते बघायला सांगा, नसेल तर फोटो तरी मोठा करून बघता येतो, तळाचा शिक्कासुद्धा बऱ्याचदा दिसतो.